शेवटचे चार किलो आणि दहा किलोंची तांदळाची पिशवी

दोन वर्षं मी चार किलोंच्या मागे होते. ६२ वरून ५८ वर यायचं, बस. रात्रीचं जेवण कमी केलं, भात बंद केला, सकाळ-संध्याकाळ चालायला जाऊ लागले. एका गुरुवारी सकाळी काट्यावर ५८.२ दिसले आणि मला खरंच आनंद झाला. त्याच आठवड्यात वाण्याकडचा मुलगा दाराशी दहा किलोंची तांदळाची पिशवी ठेवून गेला. ती एका दमात ओट्यापर्यंत नेणं मला जमलं नाही. पॅसेजमध्ये टेकवली, दम घेतला, परत उचलली, मग डायनिंग टेबलाच्या पायाशी ठेवली ती संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंत तिथेच राहिली. तेव्हा मी ५० वर्षांची होते.

आज ५३ व्या वर्षी माझं वजन साडेएकसष्ट आहे आणि तशा दोन पिशव्या मी दोन हातांत घेऊन दोन मजले चढते. मधल्या काळात काय केलं, कुठल्या क्रमाने केलं आणि कुठे चुकलं ते इथे लिहिते आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या ज्या बायका आणि पुरुष अजूनही त्या 'शेवटच्या तीन-चार किलों'साठी पोट मारत आहेत, त्यांच्यासाठी.

आधी थोडं का ते

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात. साधारण दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बायकांमध्ये पाळी जाते तेव्हा, म्हणजे आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या आसपास, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाडंही झपाट्याने विरळ होऊ लागतात. अशा वयात नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूही असतात. वजन परत वाढतं तेव्हा मात्र त्यात चरबीचा वाटा जास्त असतो. म्हणजे चार किलो कमी-जास्त करण्याची प्रत्येक फेरी आपल्याला त्याच वजनावर आणून सोडते, पण आधीपेक्षा दुबळं करून.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक मेख आहे, आणि ती पुण्यातच दाखवून दिली गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच गोष्ट सांगत होता आणि आत चित्र निराळं होतं. भारतीय शरीर बाहेरून बारीक दिसतं, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. तेव्हा आपल्याला काट्यावरचा आकडा खाली आणण्यापेक्षा त्या आकड्यात काय भरलं आहे ते बदलण्याची जास्त गरज आहे.

पायरी १: वजन उतरवायची गरज खरंच आहे का ते ठरवा

हे प्रामाणिकपणे ठरवायला हवं, कारण काहींना ती गरज असते. मोजपट्टी घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पट्टी न आवळता माप घ्या. भारतीयांसाठी बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. सोबत रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि बी १२ एकदा तपासून घ्या. थकवा आणि स्नायूंचं दुखणं अनेकदा शेवटच्या तिघांपाशीच निघतं.

कंबर मर्यादेच्या बरीच वर असेल, साखर काठावर असेल, यकृतात चरबी असेल किंवा गुडघे झिजले असतील, तर वजन उतरवण्याला अर्थ आहे. मधुमेहाच्या काठावरच्या लोकांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्या उद्दिष्टावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गुडघ्याचं गणितही ऐकण्यासारखं आहे: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. अशा मंडळींनी खालच्या सगळ्या पायऱ्या कराव्यात आणि शिवाय सातवी पायरी नीट वाचावी.

पण तपासण्या बऱ्या आहेत, कंबर मर्यादेत किंवा जेमतेम वर आहे, आणि त्रास फक्त पैठणीचं जुनं ब्लाउज चढत नाही एवढाच आहे, तर माझा सल्ला सरळ आहे. काटा बारा आठवडे कपाटाच्या वर ठेवून द्या. ब्लाउजची शिवण उसवून घ्या.

पायरी २: आजची ताकद मोजून लिहून ठेवा

एक वही करा. त्यात तारीख घालून चार गोष्टी लिहा.

पहिली, खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला-बसायला किती सेकंद लागतात. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झाल्याचा इशारा समजतात. दुसरी, सतरंजीवर मांडी घालून बसायचं आणि उठायचं. उठताना किती वेळा हात किंवा गुडघा टेकावा लागतो ते मोजा. ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांची हीच चाचणी घेऊन २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले: ज्यांना जास्त आधार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. पाटावर बसून जेवणाऱ्या आपल्या आज्या ही परीक्षा दिवसातून दोनदा देत होत्या. तिसरी, एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, भिंतीजवळ उभं राहून, दोन्ही पाय. चौथी, सर्वांत जड कुठली वस्तू तुम्ही उचलून स्वयंपाकघरातून दारापर्यंत नेऊ शकता.

माझ्या वहीतल्या पहिल्या पानावर आहे: १३ सेकंद, दोन हात, एक गुडघा, उजवा पाय ११, डावा ६, पाच किलोंची कणकेची पिशवी.

पायरी ३: कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

छातीत दुखतं, थोड्या श्रमाने धाप लागते, रक्तदाब आटोक्यात नाही, नुकतं ऑपरेशन झालं आहे, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, हाड ठिसूळ होऊन पूर्वी मोडलं आहे, पाठीतून पायात मुंग्या येतात: यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि मग फिजिओथेरपिस्ट. बाकीच्यांनी 'तपासून घेऊ, मग बघू' म्हणत महिने घालवू नयेत.

पायरी ४: पाच हालचाली शिका, वजन न घेता

जिममध्ये पन्नास यंत्रं असतात. घरातल्या कामात मात्र शरीर पाचच गोष्टी करतं: बसतं-उठतं, वाकून उचलतं, ढकलतं, ओढतं आणि वाहून नेतं. पहिले दोन आठवडे एवढंच शिकायचं.

बसणं-उठणं. साध्या लाकडी खुर्चीपुढे उभं राहा, पाय खांद्याएवढे फाकलेले, पावलं किंचित बाहेर. कुल्ले मागे नेत सावकाश तीन आकडे मोजत खाली या, खुर्चीला टेका, टाचा जमिनीत रोवून उठा. उठताना गुडघे आत मिटायला लागतात, तिकडे लक्ष हवं; ते पावलांच्या रेषेत राहिले पाहिजेत. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा.

वाकून उचलणं. हिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा, कारण पाठ धरते ती इथेच. घरातली लांब दांड्याची मोप घ्या. दांडा पाठीमागे उभा धरा, असा की तो तीन ठिकाणी टेकेल: डोक्याच्या मागे, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. आता गुडघे जरासे सैल सोडा आणि मागची भिंत कुल्ल्यांनी ढकलायची आहे असं समजून कमरेच्या सांध्यातून पुढे झुका. तिन्ही जागा दांड्याला टेकलेल्याच राहिल्या पाहिजेत. माझ्या बाबतीत पहिल्यांदा माकडहाडाचा स्पर्श सुटायचा, म्हणजे मी पाठ वाकवत होते. जन्मभर बादली तशीच उचलली होती. भिंतीपासून वीतभर अंतरावर पाठ करून उभं राहिले आणि कुल्ले भिंतीला टेकवायचा सराव केला, तेव्हा सहाव्या-सातव्या दिवशी मांडीच्या मागे ताण जाणवला. तो ताण जाणवला म्हणजे हालचाल जमली. मग दांडा सोडून अर्धी बादली पाणी.

ढकलणं. भिंतीला हात टेकून जोर काढा. सोपं झालं की ओट्याला, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. जमिनीवर, गुडघे न टेकता चार जोर काढायला मला दहा महिने लागले. घाई नको.

ओढणं. एक हात खुर्चीवर टेकून पुढे झुका, दुसऱ्या हातात पिशवी. कोपर बरगड्यांना घासत मागे न्या, खांदा कानाकडे चढू देऊ नका. दिवसभर मोबाइल आणि शेगडीपुढे वाकलेल्या पाठीला याने फार बरं वाटतं.

वाहून नेणं. दोन हातांत दोन सारख्या पिशव्या, ताठ मान, पॅसेजमध्ये ये-जा. तीस सेकंद.

पायरी ५: आता वजन वाढवा, आणि खरंच वाढवा

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं किमान प्रमाणही दोन दिवसांचंच आहे, चालणं वगैरे १५० ते ३०० मिनिटं वेगळी. पाचही हालचाली, प्रत्येकीचे दोन सेट, महिन्याभराने तीन. एका सेटमध्ये ती हालचाल सलग आठ ते बारा वेळा. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं बसून घ्या. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

वजन किती घ्यायचं? शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण ढब बिघडता कामा नये. थांबाल तेव्हा 'अजून दोन निघाले असते' असं वाटलं पाहिजे. सगळ्या सेटमध्ये बारा निघू लागले की एक-दोन किलो वाढवा. घरात यासाठी सगळं आहे. लिटरची बाटली भरली की एक किलो, कणकेची पाच, तांदळाची दहा. कापडी पिशवीचे बंद मात्र मजबूत बघा. दोन-अडीच महिन्यांनी घरचं सामान अपुरं पडतं. तेव्हा चकत्या बदलता येणारे डंबेल घ्या किंवा जवळच्या जिममध्ये नाव घाला. ट्रेनरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: 'मला वजन कमी करायचं नाही, ताकद वाढवायची आहे.' नाहीतर तो तुम्हाला ट्रेडमिलवर उभं करील.

बायकांना एक किलोचे रंगीत डंबेल देऊन पन्नास वेळा हात हलवायला लावतात, त्याने काही होत नाही. हाडाला आणि स्नायूला भार लागतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, सरासरी ६५ वर्षांच्या शंभर बायकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आपल्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जड वजनं उचलली, पाच-पाच वेळा. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्यांची घनता वाढलेली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती वाढली नाही. एकटीने घरी तेवढं जड उचलायला जाऊ नका, पण दिशा तीच ठेवा.

उशीर झाला असं वाटत असेल तर हेही ऐका. १९९० मध्ये बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या, सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी हे आईला वाचून दाखवलं. ती ७९ वर्षांची आहे. म्हणाली, "आम्ही विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायचो, तेव्हा व्यायाम निराळा करावा लागत नव्हता. तू मोज, मी उठते." पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेवरून हात टेकून तीन वेळा उठली. आता हात न टेकता आठ वेळा उठते, आणि संडासात आधाराच्या दांडीला हात लावत नाही, हे मला रोज सांगते.

पायरी ६: ताटात प्रथिनं वाढवा

इथे आपली मराठी थाळी कमी पडते, आणि उपासाच्या दिवशी फारच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. उतारवयाकडे झुकताना आणि व्यायाम करताना तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे साठ किलोंच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. मी आठवडाभर माझं खाणं लिहून हिशेब केला, तर पोहे, पोळी-भाजी, पातळ आमटी, भात, दोन चहा यांतून जेमतेम ४० च्या आसपास येत होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

मी काय बदललं: आमटी पातळ करणं बंद. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ, त्यातून ७ ग्रॅम. सकाळी पोह्यांबरोबर दोन अंडी, १२ ग्रॅम. मंगळवारी आणि शनिवारी अंडं चालत नाही तेव्हा ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, तीही १२. दुपारी उसळ रोज, मटकी किंवा हरभरा, भाजीची जागा घेणारी. डावीकडच्या चटणीएवढी वाढलेली उसळ धरायची नाही. संध्याकाळी पाचला बिस्किटांऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे किंवा फुटाणे. रात्री पिठलं-भाकरी, पनीर, किंवा सोयाबीनच्या वड्या. ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं, एवढं स्वस्त दुसरं काही नाही. मासे-चिकन खाणाऱ्यांचं सोपं आहे, १०० ग्रॅममागे २० च्या आसपास. झोपताना पेलाभर दूध, ८ ग्रॅम.

साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा. श्रावणात आणि नवरात्रात उपास करायचा तर राजगिरा, दही, दूध, दाण्याची आमटी यांवर करा; खिचडी चवीपुरती.

पायरी ७: वजन उतरवायचंच असेल तर

महिन्याला एक-दीड किलो, त्याहून वेगात नको. आधी आठ आठवडे फक्त ताकदीचे व्यायाम आणि प्रथिनं, मग रोजच्या खाण्यातून साधारण ३०० कॅलरी कमी: साखरेचे चहा, फरसाण, रात्रीचा दुसरा भात, तेलाची धार. प्रथिनं कापायची नाहीत आणि व्यायामाचे दिवस चुकवायचे नाहीत, म्हणजे उतरतं ते मुख्यतः चरबीचं उतरतं. वजन कमी करण्याची इंजेक्शनं डॉक्टरांनी दिली असतील, त्यांनी तर हे दुप्पट निष्ठेने करावं. भूक मेल्यावर पहिलं सुटतं ते डाळ-अंडंच.

काटा महिन्यातून एकदा. कंबर दर पंधरा दिवसांनी. माझं वजन वर्षात तीन किलोंनी वाढलं आणि कंबर चार सेंटिमीटरनी कमी झाली. नुसत्या काट्यावर विसंबले असते तर तिसऱ्याच महिन्यात सोडून दिलं असतं.

अडचणी येतातच

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं ठीक. सांध्यात टोचणारं, रात्री झोपू न देणारं दुखणं ठीक नाही. ती हालचाल थांबवा. गुडघा कुरकुरत असेल तर बैठक कमी खोल करा, बंद करू नका. खांदा आखडला असेल, पन्नाशीत अनेकींचा आखडतो, तर डोक्यावर काही उचलू नका, पण पाय आणि पाठ चालू ठेवा. उचलताना श्वास सोडा, रोखून धरू नका. जड उचलताना लघवीचे थेंब गळतात, ही गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. ती फार जणींना होते आणि तिच्यावर उपाय आहे: उचलायचं वजन कमी करा, ओटीपोटाच्या खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिका, स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. रात्री घाम फुटून झोप मोडली असेल तर त्या दिवशी वजन न वाढवता नेहमीचंच करा.

लग्नसराई, पाहुणे, आजारपण यांत आठवडा बुडतो. बुडाला की पुढच्या सोमवारी मागच्या वेळेपेक्षा थोडं कमी वजन घेऊन सुरू करा. दोन खेपांत परत जागेवर येता.

बारावा आठवडा संपला की रविवारी सकाळी वही काढा आणि दुसऱ्या पायरीतल्या चारही गोष्टी त्याच खुर्चीवर, त्याच सतरंजीवर परत मोजा. पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मेंदू आणि नसा सरावल्यामुळे, स्नायू नंतर भरतो. म्हणून आरशात फरक दिसला नाही तरी वहीत दिसतो. माझ्या दुसऱ्या पानावर आहे: ९ सेकंद, एक हात, उजवा पाय ३०, डावा २२, दहा किलोंची तांदळाची पिशवी, दारापासून ओट्यापर्यंत, न टेकवता.